वायरवर नसलेली पानं

सकू, मी हे जे लिहितेय ते तुला वाचता येणार नाही, आणि त्याला तुझं जाणं हे कारण नाही. तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. आपल्या घरात मराठी तोंडात राहिली आणि हातात तमिळ अक्षरं आली. मी तीस वर्षं पुढच्या खोलीत मुलांना हिंदी शिकवलं, म्हणून माझ्या हाताला ही लिपी लागली. तू माझ्या वहीत डोकावून म्हणायचीस, "अक्का, तुझीं अक्षरं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखीं दिसतात." मग म्हणायचीस, "तूं लिही आणि वाचून दाखीव. ऐकायला मज काय जातं?"

तुझ्या घरात दुसऱ्या कुणालाही हे वाचता येत नाही. तुझ्या नवऱ्याला, रघूला नाही, मुलीला, नंदिनीला नाही. माझ्या घरात तर आता सुनेच्या हातात मोबाईल आणि मुलाच्या हातात लॅपटॉप, त्यांना घरची भाषा कळते तेवढीच पुष्कळ झाली. म्हणूनच मी या अक्षरांत लिहितेय. मी भित्री आहे, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. बाहेर आवाज करते आणि आत भिते. तुझं उलट होतं.

तू जाऊन सव्वा महिना झाला. पापनाशमला तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी रोजच्या पानांचं कॅलेंडर आहे, त्यावर अजून तू इस्पितळात गेलीस तोच दिवस आहे. नंदिनी कुणाला पान फाडू देत नाही. रघूनं एकदा हात लावला तर ओरडली. एवढी हळू बोलणारी पोर, शेजारच्या बाईनं डोकं बाहेर काढून बघितलं. वीस वर्षांच्या मुलीला आपण काय समजावणार? मी म्हटलं, राहू दे.

ती पानं फाडायचा मान तुझा होता. आम्ही बाकीचे सकाळी पान फाडतो, चांगली वेळ कोणती ते बघतो, चुरगाळून टाकतो. तू पान फाडून उलटं करायचीस आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचीस, आपली मराठी, तमिळ अक्षरांत. 'बोटें बरीं.' 'गुडघा धरलेला.' 'तोंडांत फोड.' 'पाळीचा दुसरा दिवस, ताप नाहीं.' मग ते पान दाराच्या खिळ्याला टांगलेल्या वायरच्या आकड्यात ओवायचीस. दर वर्षाची एक वायर. सहा वर्षं. पापनाशमला कुणी पाहुणा आला की विचारायचा, हे काय, आणि तू सांगायचीस, "माझ्या पाहुणीच्या येण्याजाण्याचं आहे."

पाहुणी म्हणजे तुझा आजार. तो नंदिनीच्या पाठोपाठ आला. ती तीन महिन्यांची होती आणि एके सकाळी तुझी बोटं मिटेनात. पोरीला उचलता येईना. बाळंतपणाचा अशक्तपणा आहे असं सगळे म्हणाले, मी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, आणि तुला लसणाची खीर करून घातली. मग गालांवर लाल चट्टे, मग केस, मग मूत्रपिंडं. वर्षभरानं त्याचं नाव कळलं, ल्यूपस. तू मला समजावलंस ते अजून डोक्यात आहे. म्हणालीस, घराला राखणदार ठेवलेला असतो ना, तो चोर सोडून घरच्यांनाच धरायला लागला, तसं आहे. मी विचारलं, का धरतो? तर म्हणालीस, "त्याला कोणीतरी महिन्याच्या महिन्याला ताडी पाजतं, अक्का. कोण पाजतं ते मज ठाऊक आहे. डॉक्टर ऐकत नाहींत."

तुझं म्हणणं सरळ होतं. पाळीच्या आधी पाच-सहा दिवस बोटं धरायची, चट्टे फुलायचे, आणि पाळी सरली की ओसरायचं. नंदिनीच्या वेळी नऊ महिने तुझ्या अंगात काय काय भरलं आणि ती झाल्यावर काय काय उतरलं, त्या उतरण्यातच हे आलं, असं तू धरून बसली होतीस. सहा वर्षांपूर्वी आधीच्या डॉक्टरांना तू हे सांगितलंस तेव्हा मी शेजारी होते. खोलीत आणखी तीन माणसं बसली होती आणि तू पाळी, पाळी म्हणत होतीस. मला जमिनीत शिरावंसं झालं. डॉक्टर हसले. म्हणाले, अम्मा, हे मनाचं आहे, बायका सगळं त्याच्याशी जोडतात. मी पण त्यांच्याबरोबर हसले. तू माझ्याकडे बघितलंस. दुसऱ्या दिवसापासून तू पानांवर लिहायला लागलीस. ती पानं तू डॉक्टरांना खोटं पाडायला ठेवत होतीस असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मला खोटं पाडायला ठेवत होतीस.

आणि पाडलंस. चार वर्षांपूर्वी नवी डॉक्टरीण आली, लहान चणीची, चष्मेवाली. तू पिशवीतून दोन वर्षांच्या दोन वायरी काढून तिच्या टेबलावर ठेवल्यास. मला वाटलं आता ही हाकलणार. तिनं नर्सला सांगून पुढचा पेशंट थांबवला आणि एकेक पान तुझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, होय, काही बायकांत असं होतं. बायकांच्या शरीरातले जे हार्मोन आहेत, त्यांचा या राखणदारावर परिणाम होतो. म्हणून तर हा आजार बायकांत एवढा जास्त आणि वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या वर्षांत जास्त. प्रत्येकीचं वेगळं असतं आणि आम्हाला सगळं कळलेलं नाही, पण तुम्ही म्हणता ते उगाच नाही. तू तिचा हात धरलास आणि रडलीस. मी तुला दुखण्यानं रडताना बघितलं होतं. कुणी खरं मानलं म्हणून रडताना तेव्हाच बघितलं.

त्यानंतर तू पाळी जायची वाट बघायला लागलीस. इतर बायका त्याला घाबरतात आणि तू दिवाळी यायची असल्यासारखी बोलायचीस. "पन्नाशी येऊं दे. पाळी गेली की पाहुणीला पण जायाला पाहिजे. ती काय एकटी राहायची आहे?" डॉक्टरीण सांगायची, कमी होतं काही जणींचं, पण मी शब्द देत नाही. तू म्हणायचीस, शब्द कोण मागतं, आशा करायला तर पैसे पडत नाहीत. गोळ्यांनी तुझं तोंड गोल झालं होतं. त्या गोल तोंडानं हसायचीस तेव्हा डोळे दिसेनासे व्हायचे. चव्वेचाळीस वर्षांची होतीस. सहा वर्षं राहिली होती.

आता ते लिहिते, जे लिहायला बसलेय.

त्याच डॉक्टरणीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. तुझ्या रक्तात गुठळी करणारा दोष आहे. रक्त पातळ ठेवायची लहान गोळी रोज घ्यायची, आणि पाळी थांबवायची, पुढे ढकलायची, मूल नको म्हणून घ्यायची, असली कुठलीही हार्मोनची गोळी मला विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही. तू हे मला पापनाशमच्या बसमध्ये सांगितलंस. मी खिडकीतून मल्लिगेच्या गजऱ्याचा भाव करत होते, फुलवाली तीन मुळांना, म्हणजे तीन हात माळेला, चार मुळांचे पैसे सांगत होती. मी "हं" म्हटलं. सकू, मी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं. लग्नाच्या दोन दिवस आधी आमच्या घरी गोंधळ. आमच्याकडे दुसरं काही राहो न राहो, देवीचा गोंधळ राहिला पाहिजे. इथं तंजावूरकडे येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, कुलदेवीचं देऊळ आमच्या घरातल्या निम्म्यांनी डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण लग्न म्हटलं की पुरणपोळी, दिवट्या आणि शेवटी बायकांचं गाणं. ते गाणं आईला येत होतं. आईनं ते तुला दिलं, मला नाही, कारण मला गळा नाही. अर्ध्या शब्दांचा अर्थ आईलाही येत नव्हता. कुठल्या डोंगराचं वर्णन आहे, कुठली नदी, देव जाणे. ते तुझ्यानंतर कुणाला येत नव्हतं. आणि गोंधळात गाणाऱ्या बाईनं देवीसमोर सोवळ्यात बसायचं असतं. बाहेरची झालेली बाई त्या खोलीच्या उंबऱ्याला शिवत नाही.

तुझी तारीख मला तुझ्याच पानांवरून कळली. तू एवढं नेमकं लिहून ठेवायचीस की पुढच्या दोन महिन्यांच्या तारखाही खूण करून ठेवलेल्या. मी आमंत्रण द्यायला आले, हळदीकुंकू घेऊन, आणि दाराशी उभी राहून कॅलेंडर चाळलं. गोंधळाच्या दिवशीच खूण.  दुसऱ्याच दिवशी मी औषधाच्या दुकानातून ते पाकीट घेतलं. आपल्यात कोण घेत नाही? श्राद्ध असलं, लग्न असलं, कोण्या देवळाला जायचं असलं की बायका घेतात. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून घेतात. दुकानदार पाकीट देताना विचारतही नाही, नुसतं कागदात गुंडाळतो. मी ते कागदात गुंडाळलेलं पाकीट घेऊन परत पापनाशमला आले.

तू अंगणात होतीस. सकाळचं कोलम, पिठाची रांगोळी, घालत होतीस. तुझी बोटं कशी आहेत ते मला तुझ्या कोलमवरून कळायचं. पाहुणी असली की तीन ठिपक्यांचं, नसली की पंधरा ठिपक्यांचं आणि वर तुरा. त्या दिवशी पंधराचं होतं. बरी होतीस. हे मला लक्षात ठेवायला हवं, तू त्या सकाळी बरी होतीस.

मी पाकीट पुढे केलं. तू हातातलं पीठ झटकलंस. "डॉक्टरम्मानं नको म्हणून सांगितलंय की, अक्का."

"आठ दिवस. आठ दिवसांत काय होतंय?"

"तें मज कसं ठाऊक असेल?" मग जरा थांबून हसलीस. "मी ओसरींत बसून गातें. तूं आंत आरती ओवाळ. देवीला कान आहेत की. ओसरीवरून ऐकूं येईल तिला."

सकू, तू मला वाट काढून दिली होतीस. साधी, फुकटची वाट. ओसरीत एक पाट टाकायचा होता, बस्स. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, व्याही काय म्हणतील? मुलीकडचे सगळे येणार, आणि वराची मावशी ओसरीत बसलेली बघतील. तरी तू मान हलवेनास. मग मी ते बोलले. "आईनं गाणं तुला दिलं, मला नाही दिलं. तेव्हा तुला मान पाहिजे होता. आता वेळ आली तर मागं सरतेस?"

पस्तीस वर्षं पोटात ठेवलेलं होतं ते. आई गाणं शिकवताना मला पाणी आणायला पाठवायची आणि मी दाराआड उभी राहून ऐकायचे. तुला ठाऊक होतं का? तुझा चेहरा बघून वाटलं की होतं.  हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "सरी. दे."

गोंधळ छान झाला. हे मला लिहायलाच हवं, कारण तो खरंच छान झाला. तू हिरवी नऊवारी नेसली होतीस, आईची. डांगर पचडीचा वास, दिवट्यांचा धूर, आणि तू डोळे मिटून गायलीस. मुलीकडचे सगळे उभे राहून ऐकत होते. मी तुझ्या मागे बसले होते आणि पहिल्यांदा मला हेवा वाटला नाही. मला वाटलं, हे माझ्या घरात होतंय, माझ्या मुलासाठी होतंय. त्याच वेळी फोटोवाल्यानं बाहेर सनईसारखं नादस्वर वाजवणाऱ्यांना खूण केली. आमच्याकडच्या व्हिडिओत तुझे ओठ हलतात आणि नादस्वर ऐकू येतो. दोन ओळीसुद्धा धड लागत नाहीत. नंदिनीनं तो दहा वेळा लावून बघितला. ज्या गाण्यासाठी मी हे सगळं केलं, ते गाणंही राहिलं नाही.

लग्नानंतर चार दिवसांनी पाहुणी आली. आली ती अशी आली की सहा वर्षांच्या पानांत तशी कधी नव्हती. ताप, गाल भाजल्यासारखे, बोटं काडीसारखी ताठ. डाव्या पायाची पोटरी दुखते म्हणालीस, आणि रघू म्हणाला, लग्नात दोन दिवस उभी होतीस, दुखणारच. तंजावूरच्या इस्पितळात नेलं. मी होतेच.

डॉक्टरीण आली. तपासलं, डोळ्यांच्या आत बघितलं, पाय बघितला. मग विचारलं, "नवीन कुठली गोळी घेतली? पाळीची वगैरे?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली फरशीकडे बघितलं. फरशीवर कुणाच्या तरी वेणीतलं एक फूल पडलं होतं. किती वेळ गेला असेल? नाकातून दोन श्वास जातात एवढा. मी बोलायचं होतं. तू माझी वाट बघत होतीस, हे मला आता कळतं असं मी म्हणणार नाही, मला तेव्हाच कळलं होतं. मग तू म्हणालीस, "नाहीं डॉक्टर." तिनं लिहून घेतलं. सूज कमी करायची औषधं वाढवली. पायाचं उद्या बघू म्हणाली, एवढी सूज मूत्रपिंडामुळे असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुला इडली भरवत होते. तू म्हणालीस, अक्का, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. मी पाण्याचा ग्लास घ्यायला वळले. वळून परत बघेपर्यंत तुझे ओठ निळे पडले होते. पुढचं मी लिहीत नाही. तू तिथं होतीस.

पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली. डॉक्टरीण व्हरांड्यात मला एकटीला भेटली. तिचा चष्मा हातात होता आणि डोळे लाल. तिनं परत विचारलं, "अम्मा, नक्की काही घेतलं नव्हतं ना? मला माझ्यासाठी कळायला हवंय. मी पाय आधी बघायला हवा होता का, एवढंच." तेव्हा तू नव्हतीस. आता वाचवायचं कुणाला नव्हतं, फक्त मला. मी म्हटलं, "नाही."

त्या दोषानं गोळीशिवायही गुठळी होते म्हणे. आठ दिवसांची गोळी नसती तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित. हा शब्द मी रोज सकाळी कॉफीबरोबर घोटते आणि तो घशाखाली उतरत नाही. समजा गोळीनं काही झालं नसेल. पण गप्प बसण्यानं तर झालं ना? तिला कळलं असतं तर तिनं पाय त्याच दिवशी बघितला असता. ती बिचारी अजून स्वतःला दोष देत असेल, आणि मी तिला देऊ देते.

तुझ्या तेराव्याला मी पापनाशमला होते. जेवणं झाली, माणसं ओसरीत पडली, आणि मी स्वयंपाकघरात गेले. लपवत नाही, चोरी करायला गेले होते. तू रोजचं रोज लिहायचीस. त्या आठ दिवसांचंही लिहिलं असशील, अक्कानं गोळी दिली म्हणून. नंदिनीच्या हाती पडायच्या आत मला ती पानं काढायची होती. या वर्षाची वायर खाली घेतली. अजून पातळच होती. वरून एकेक पान उलटत गेले. इस्पितळाच्या आदला दिवस, त्याच्या आदला, लग्न संपल्यावरचा दिवस. आणि त्याच्या खाली एकदम गोंधळाच्या आधीचा आठवडा. मधली पानं नव्हती.

मी दोनदा मोजलं. आठ पानं. सहा वर्षांत तू एक पान चुकवलं नव्हतंस, नंदिनी तापानं फणफणली होती तेव्हाही नाही, रघूची आई गेली त्या दिवशीही नाही. ती आठ पानं तू काढून टाकली होतीस. इस्पितळात जायच्या आधीच. अंगात ताप, बोटं मिटत नाहीत, आणि त्या बोटांनी तू वरची पानं उतरवलीस, माझी आठ काढलीस आणि बाकीची पुन्हा ओवलीस. ज्या पानांवर तुझं सगळं आयुष्य खरं ठरलं होतं, त्यांत तू माझ्यासाठी खोटं केलंस.

मी तिथंच चुलीशी बसले. सकू, तुला काय म्हणू? उपकार म्हणू? मी तुझी मोठी बहीण. आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली, तुझ्या लग्नात तुझ्याबरोबर मी मिरवले, आणि शेवटी तू मला पदराआड घेतलंस. त्या पानांऐवजी तू डॉक्टरणीला एक 'होय' म्हणाली असतीस तर. मी तुझ्यावर रागावते, मग रागावल्याची लाज वाटते, मग परत रागावते. हे भांडण आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पो अक्का, तुज दुसरं काम नाहीं?"

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्पच राहिले असते, माझं मला ठाऊक आहे. पण त्याआधीच, दहाव्या दिवशी, नंदिनी माझ्याजवळ येऊन बसली होती. हात पुढे केला. मला ती पेरिम्मा म्हणते, मोठी आई. म्हणाली, "पेरिम्मा, सकाळीं बोटं मिटत नाहींत. पाळीच्या आधीं जास्त. अम्माचं असंच होतं ना?" मी तिची बोटं हातात घेतली. तुझीच बोटं. अंगठ्याजवळचा तीळसुद्धा तिथंच. तिचं रक्त तपासलं. अजून आजार म्हणता येणार नाही, पण बी आहे, असं डॉक्टरीण म्हणाली. तिनं नंदिनीला सांगितलं, आईची सगळी पानं वाच, तुझ्याशी काय जुळतं ते लिहून पुढच्या महिन्यात घेऊन ये.

म्हणून ती वाचतेय. सगळ्यांत जुन्या वायरपासून. दिवसाला तीन महिने वाचते, वहीत उतरवून घेते. मधेच हसते, कारण तू मधेच 'अक्का येऊन डोकं खाऊन गेली' असंही लिहिलं आहेस. मधेच उठून अंगणात जाते. आणि उद्या हिचं लग्न ठरेल, कुणाकडे तरी पूजा असेल, कुठली तरी मावशी, आत्या, सासू कागदात गुंडाळलेलं पाकीट घेऊन येईल. म्हणेल, आठ दिवसांत काय होतंय? आणि नंदिनी तुझी मुलगी आहे. ती म्हणेल, सरी, दे.

काल मी तिच्याजवळ बसून हे लिहीत होते. तिनं विचारलं, काय लिहिताय? मी म्हटलं, तुझ्या अम्माबद्दल. म्हणाली, "वाचून दाखवा की." मी पहिल्या पानावरची तुझी कपडे वाळत घातल्याची गोष्ट वाचली. ती खूप हसली. "पुढं?" म्हणाली. मी म्हटलं, पुढचं अजून नीट झालेलं नाही. तोंडानं सांगायला मला जमणार नाही, सकू. मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा "जेवलीस का" एवढंच बाहेर आलं.

आज सकाळी माझ्या घरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि तमिळ अक्षरांत, तुझ्यासारखी, मागच्या बाजूला मराठी लिहिली. एवढंच: 'पाळी पुढें ढकलायची गोळी अक्कानं आणून दिली. सकूनं नको म्हटलं होतं. आठ दिवस घेतली. डॉक्टरनं दोनदां विचारलं, अक्कानं सांगितलं नाहीं.' पहिल्या बसनं पापनाशमला गेले. नंदिनी अंगणात कोलम घालत होती, तीन ठिपक्यांचं. मी आत जाऊन या वर्षाची वायर उतरवली. वरची पानं काढली, आठ पानांच्या जागी माझं एक घातलं, वरची परत ओवली आणि वायर खिळ्याला लावली.  

मग कॉफी केली. नंदिनी आली, बोटं कपाभोवती धरून शेकत बसली. म्हणाली, पेरिम्मा, आज गेल्या वर्षाचं संपेल बहुतेक, मग या वर्षाची तेवढी राहिली. मी तिच्या कपात आणखी साखर घातली. तिला कमी लागते, मी विसरले. ती तशीच प्यायली.

उद्या ती ती वायर खाली घेईल. तोवर मी तिची पेरिम्मा आहे.